किल्ली घरात, सही बाहेर : कूटचलनाच्या व्यवहाराची सुरक्षित रीत

सरकारी कार्यालयात देयक तयार करणारा एक, त्यावर सही करणारा दुसरा आणि ते कोषागारात नेऊन देणारा तिसरा, अशी कामाची विभागणी असते. ही विभागणी सुरक्षिततेसाठी आहे. बिटकॉइनसारख्या कूटचलनाच्या व्यवहारातही हेच तत्त्व पाळता येते. फरक एवढाच की, तेथे माणसांऐवजी संगणक वेगळे ठेवावे लागतात.

बिटकॉइनचे जाळे जानेवारी २००९ मध्ये सुरू झाले. या चलनामागे कोणतीही बँक नाही. व्यवहारांची नोंदवही जगभर विखुरलेल्या हजारो संगणकांवर असते आणि धनावरील हक्क केवळ एका गुप्त किल्लीने सिद्ध होतो. ही किल्ली म्हणजे २५६ बिटांची एक प्रचंड संख्या होय. ती दुसऱ्याच्या हाती पडली तर झालेला व्यवहार रद्द करून देणारा अधिकारी नाही. हरवली तर दुसरी प्रत मिळत नाही. म्हणून इंटरनेटला जोडलेल्या संगणकावर ती ठेवणे धोक्याचे ठरते.

तीन टप्पे

सही करणे ही निव्वळ गणिती क्रिया आहे. तिला इंटरनेटची गरज नसते. प्रथम, इंटरनेटला जोडलेल्या संगणकावर शिल्लक रकमा शोधून व्यवहाराचा मसुदा तयार करतात. नंतर तो पेन ड्राइव्हने अथवा क्यूआर चिन्हाने कधीही इंटरनेटला न जोडलेल्या संगणकाकडे नेतात. किल्ली तेथेच असते आणि सही तेथेच होते. शेवटी सही झालेला व्यवहार पहिल्या संगणकावर आणून जाळ्यात सोडतात. सही खरी की खोटी, हे सार्वजनिक किल्लीच्या आधारे कोणालाही पडताळता येते. मसुद्यातील एक अंक जरी बदलला तरी ती सही निरुपयोगी ठरते.

जावास्क्रिप्टचा उपयोग

ब्रेंडन आइक यांनी १९९५ मध्ये नेटस्केप कंपनीत तयार केलेली जावास्क्रिप्ट ही संगणकभाषा आज प्रत्येक ब्राउझरला समजते. त्यामुळे आवश्यक आज्ञावली आधीच उतरवून घेतल्यास साध्या संगणकावरही सही करता येते. 'बिटकॉइनजेएस' हा या भाषेतील तयार आज्ञावलींचा संच प्रसिद्ध आहे. सही व्हावयाच्या व्यवहाराचा मसुदा एका यंत्रावरून दुसऱ्यावर नेण्यासाठी २०१७ मध्ये एक प्रमाणित नमुनाही सुचविण्यात आला.

घ्यावयाची दक्षता

किल्ली खरोखर यदृच्छेने निवडलेली असावी. जावास्क्रिप्टमधील साधी 'मॅथ रँडम' ही सोय या कामाची नाही. त्यासाठी ब्राउझरमधील सुरक्षित सोय वापरावी. ऑगस्ट २०१३ मध्ये अँड्रॉइड फोनमधील अशाच यदृच्छ संख्यांच्या दोषामुळे काही बिटकॉइन चोरीस गेले होते.

दुसरी दक्षता उरलेल्या रकमेची. समजा, ५० लाख सातोशींच्या शिल्लक नोंदीतून २० लाख द्यावयाचे आहेत. (एक बिटकॉइन म्हणजे १० कोटी सातोशी.) ती नोंद संपूर्ण खर्ची पडते. म्हणून उरलेली रक्कम स्वतःच्याच पत्त्यावर परत लिहावी लागते. ती लिहावयाची राहिली तर सारे ३० लाख शुल्क म्हणून जातात.

तिसरी दक्षता सर्वांत महत्त्वाची. जोडलेल्या संगणकात शिरलेली घातक आज्ञावली मसुद्यातील पत्ता बदलू शकते. म्हणून सहीपूर्वी पत्ता, रक्कम आणि शुल्क दुसऱ्या संगणकाच्या पडद्यावर वाचून पाहावे. न वाचता केलेली सही किल्ली सुरक्षित असूनही घात करते.

आपल्याशी संबंध

भारतात कूटचलन हे वैध चलन नाही. २०२२ च्या वित्त कायद्याने त्यावरील उत्पन्नास ३० टक्के कर लागू केला. त्यात पैसा गुंतवावा की नाही, हा प्रश्न वेगळा आहे. पण त्यामागील तत्त्व आपल्या कार्यालयांना परके नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० अन्वये डिजिटल स्वाक्षरीला मान्यता मिळाली. अधिकाऱ्याच्या स्वाक्षरीची गुप्त किल्लीही छोट्या यूएसबी टोकनमध्येच राहते. बाहेर येते ती केवळ सही. ते टोकन आणि त्याचा पिन दुसऱ्याच्या स्वाधीन करणे म्हणजे कोऱ्या कागदावर सही करून देण्यासारखेच होय. किल्ली आपल्यापाशी ठेवावी आणि सहीपूर्वी मजकूर वाचावा, हा नियम दोन्हीकडे सारखाच लागू पडतो.