शेळीला एकाएकी दिसेनासे होते : दोष डोळ्यात नव्हे, पोटात

धाराशिव जिल्ह्यात रब्बी ज्वारीची मळणी सुरू झाली की राशीजवळ शेळ्या येतातच. दावे सुटलेली उस्मानाबादी शेळी थोड्याच वेळात पोटभर दाणे खाते. मग ती रवंथ बंद करते, पोट फुगते, हगवण लागते. एवढे शेतकरी बंधूंच्या लक्षात येते. परंतु काही शेळ्या, विशेषतः वाढीची करडे, पुढील काही दिवसांत गव्हाणीला धडकू लागतात, कळपामागे न जाता जागीच उभी राहतात.

डोळे मात्र स्वच्छ असतात. पाणी गळत नाही, फूल पडलेले नसते. डोळ्यासमोर बोट नेले तरी पापणी मिटत नाही. पण अंधारात बॅटरीचा झोत टाकल्यास बाहुली आकसते. म्हणजे डोळा शाबूत आहे, बिघाड मेंदूत आहे आणि त्याचे मूळ पोटात आहे.

शेळीच्या पोटाच्या मोठ्या कप्प्यातील सूक्ष्मजीव ब-१ जीवनसत्त्व (थायमिन) तयार करतात. एकदम भरपूर धान्य गेल्यास तेथे आम्ल वाढते, उपयुक्त सूक्ष्मजीव मरतात आणि ब-१ नष्ट करणारे वाढतात. ब-१ शिवाय मेंदूला साखरेपासून शक्ती मिळत नाही. मेंदूला सूज येते आणि दृष्टी जाते. पुढे शेळी मान उंचावून आकाशाकडे पाहते, डोके भिंतीला टेकवते, दात खाते. शेवटी आडवी पडून झटके येतात व उपचाराअभावी दगावते.

डोळ्यात मीठ किंवा तंबाखू फुंकण्यात वेळ घालवू नये. चांगला डोळा त्याने खराब होतो. त्याच दिवशी पशुवैद्यकास बोलवावे. ब-१ चे इंजेक्शन वजनाच्या दर किलोस सुमारे १० मिलिग्रॅम, म्हणजे ३० किलोच्या शेळीस ३०० मिलिग्रॅम, पहिल्या दिवशी दर सहा तासांनी देतात. औषध महाग नाही. लवकर दिल्यास एक-दोन दिवसांत फरक दिसतो. दृष्टी परतण्यास कधी अधिक दिवस लागतात. शेळी आडवी पडल्यावर मात्र खात्री देता येत नाही.

मी पीकशास्त्राचा माणूस, म्हणून राशीविषयी सांगतो. मळणीच्या दिवसांत शेळ्या बांधून, कडबा घालूनच ठेवाव्यात. बोकडांना खुराक वाढवायचा असल्यास दहा-पंधरा दिवसांत थोडा थोडा वाढवावा. करडांच्या रक्ती हगवणीवरील ॲम्प्रोलियम हे औषधही ठरल्यापेक्षा जास्त दिवस दिल्यास हाच आजार होऊ शकतो, कारण ते ब-१ च्या कार्यात अडथळा आणते.