स्वस्त देशाचा हिशेब

कामगार संघटनेच्या कचेरीत माणसे येतात ती पगाराची, फंडाची, बदलीची गाऱ्हाणी घेऊन. मध्यंतरी आमचे एक जुने सभासद, सारी हयात लेथवर उभे राहिलेले गृहस्थ, निराळेच गाऱ्हाणे घेऊन आले. त्यांचा मुलगा अमेरिकेत संगणकाच्या कामावर आहे. वय एकेचाळीस, पगार भरपूर. त्याने कळविले की ही धावाधाव पुरे झाली, नोकरी सोडतो आणि पोर्तुगालात साधेपणाने राहतो. "भाऊ, पोरगा वेडा झाला का?" एवढाच बापाचा प्रश्न. आमचे शिक्षण रात्रशाळेतले आणि फुकट वाचनालयातले; तेव्हा आम्ही वाचायला बसलो.

मुलगा वेडा नाही. त्याच्या म्हणण्यामागे हिशेब आहे. कॅलिफोर्नियातील विल्यम बेंगेन या अर्थसल्लागाराने १९९४ साली तो मांडला. पुंजी शेअर व कर्जरोखे यांत ठेवली, पहिल्या वर्षी शेकडा चार काढले आणि पुढे महागाईच्या मानाने रक्कम वाढवीत नेली, तर अमेरिकेच्या मागील अनुभवावरून ती तीस वर्षे पुरते. म्हणजे वर्षाच्या खर्चाच्या पंचवीसपट पुंजी हवी. वर्षाला ६०,००० डॉलर लागत असतील तर १५ लाख डॉलर. २४,००० वर भागत असेल तर ६ लाख पुरेत. पगार वाढविण्यापेक्षा गाव बदलणे सोपे, ते असे. एकेचाळिसाव्या वर्षी घरी बसणाऱ्याला तीस वर्षांची तरतूद अपुरी आहे, हे मात्र उत्साही मंडळी विसरतात. मिळवायचे मुंबईत आणि म्हातारपणी राहायचे कोकणात, हा हिशेब गिरणगावाला कोणी शिकवावा लागला नव्हता. पण चाकरमानी परतत होता तो आपल्याच घरी.

आता पोर्तुगालचे दार पाहू. पेन्शन, भाडे, व्याज अशा बसल्या जागच्या उत्पन्नावर राहू इच्छिणाऱ्यांसाठी तिथे 'डी सात' नावाचा परवाना आहे. त्यासाठी किमान उत्पन्न किती हवे? तर त्या देशातील किमान वेतनाइतके; २०२५ साली ते महिना ८७० युरो होते. हे वाचून आम्ही थबकलो. तिथला मजूर महिनाभर राबून जे मिळवतो, तेवढे घरबसल्या असले की पाहुण्याला दार उघडते! शिवाय २००९ पासून नवागतांना दहा वर्षांची करसवलत होती. परदेशी पेन्शनवर आरंभी बहुधा करच पडत नसे, २०२० पासून नव्याने येणाऱ्यांना शेकडा दहा लागू झाला, आणि २०२४ पासून ती योजना नव्या लोकांना जवळजवळ बंद झाली. आपले पेन्शनर कर चुकवतात म्हणून फिनलंडने २०१९ पासून आणि स्वीडनने २०२२ पासून पोर्तुगालशी असलेला करकरारच संपविला.

स्वस्ताई म्हणतात ती मुळात कोणाची तरी कमी मजुरी असते. डॉलर घेऊन आलेला माणूस लिस्बनमध्ये खोली शोधतो तेव्हा तीच खोली बसचालकालाही हवी असते. सगळा दोष पाहुण्यांचा नव्हे. २०१२ च्या कायद्याने जुने भाडेनियंत्रण सैल केले, पर्यटकांना दिवसाच्या हिशेबाने घरे देण्याचा धंदा बोकाळला, नवी घरे पुरेशी बांधली गेली नाहीत. १ एप्रिल २०२३ रोजी लिस्बन व इतर शहरांत हजारो माणसे राहायला घर मागत रस्त्यावर उतरली. पागडीच्या चाळीत वाढलेल्या आमच्यासारख्याला ती मागणी परकी वाटली नाही. गंमत अशी की पोर्तुगालचे तरुण मात्र जास्त पगारासाठी देश सोडतात. आणि १९६१ पूर्वीच्या नात्यामुळे पोर्तुगीज नागरिकत्व मिळालेले कितीतरी गोवेकर लिस्बनला न थांबता इंग्लंडात कामाला गेले. एकाला जे विश्रांतीचे ठिकाण तेच दुसऱ्याला पोटापुरते नाही.

आपल्या कामगाराला तर हे दार दिसतही नाही. भविष्यनिर्वाह निधीच्या पेन्शनची किमान रक्कम २०१४ साली महिना हजार रुपये ठरली. ८७० युरोंचे पाऊण लाखाहून अधिक रुपये होतात. दोन्ही आकडे शेजारी लिहून आम्ही त्या गृहस्थांना दाखविले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

मग म्हणाले, "पण भाऊ, त्याला रात्री झोप लागत नाही हो." याला आमच्या आकड्यांत उत्तर नव्हते. आम्ही इतकेच सांगितले, की अमेरिकेचा म्हाताऱ्यांचा सरकारी आरोग्यविमा सहसा परदेशातील उपचारांचे पैसे देत नाही, त्याची सोय आधी बघ म्हणावे. तिथली पुष्कळ घरे हिवाळ्यात आतून गार असतात, म्हणून उन्हाळ्यात जाऊन भुलू नकोस. आणि घरभाडे देताना शेजारी किती देतो तेही विचार.

मुलाने तूर्त राजीनामा दिलेला नाही. जानेवारीत रजा काढून दोन महिने तिथे राहून पाहणार आहे. पोर्तुगीजची शिकवणी लावली आहे, असे वडील परवा सांगत होते.