सीमेपलीकडची एक दिवसाची सहल : बंगळुरूपासून कोलंबो किती दूर?

बंगळुरूहून दिल्ली हवाई मार्गाने सुमारे १,७०० किलोमीटर आहे, तर कोलंबो अवघे ७०० किलोमीटर. विमानाला कोलंबो गाठण्यास साधारण दीड तास पुरतो. असे असूनही रविवारी सकाळी न्याहारी करता करता दिल्लीस जाण्याचे ठरवणे बंगळुरूच्या सुस्थित कुटुंबास शक्य असते, कोलंबोस जाण्याचे नसते. अंतर, भाडे व वेळ हे तिन्ही घटक अनुकूल असताना प्रवास घडत नसेल, तर त्याचे कारण सीमेच्या अर्थशास्त्रात शोधावे लागते.

सीमा ओलांडण्याचा खर्च दोन प्रकारचा असतो. भाडे, भोजन, निवास हा खर्च अंतर व मुक्काम यांनुसार वाढतो. पारपत्र, व्हिसा, चलनाची अदलाबदल आणि रांगेत जाणारा वेळ हा मात्र स्थिर खर्च होय. प्रवासी एक दिवस राहो वा पंधरा दिवस, तो सारखाच पडतो. पंधरा दिवसांच्या सहलीत तो विभागला जातो व फारसा जाणवत नाही. एका दिवसाच्या सहलीवर मात्र त्याचा संपूर्ण भार पडतो. म्हणूनच सीमेवरील औपचारिकता वाढली की सर्वप्रथम दिवसभराची ये-जा आटते आणि तिच्यावर जगणारे उपाहारगृह, रिक्षाचालक व किरकोळ दुकानदार अडचणीत येतात. मोठ्या पर्यटनाचे आकडे त्यावेळी वाढतही असू शकतात. लहानांचे हे नुकसान त्यात दिसत नाही.

पारपत्राचेच उदाहरण घेता येईल. २०१२ मध्ये सर्वसाधारण पारपत्राचे शुल्क प्रौढांसाठी १,५०० व अल्पवयीनांसाठी १,००० रुपये ठरविण्यात आले. त्या हिशेबाने चौघांच्या कुटुंबास ५,००० रुपये, शिवाय कार्यालयातील फेऱ्या व पोलीस पडताळणी. पारपत्र सेवा प्रकल्पाची प्रायोगिक सुरुवात २०१० साली बंगळुरूसह मोजक्याच ठिकाणी झाली आणि त्यामुळे हा वेळ बराच कमी झाला, हे मान्य करावयास हवे. तथापि 'मनात आले नि निघाले' या प्रकारात अशा पूर्वतयारीला जागाच नसते.

होसूरची वाट

बंगळुरूकरांना सीमा ओलांडण्याचा अनुभवच नाही, असे मात्र नाही. शहरापासून सुमारे ४० किलोमीटरवर अत्तिबेले ओलांडले की तमिळनाडूतील होसूर लागते. टेकडीवरील चंद्रचूडेश्वराचे मंदिर पाहून कुटुंबे सायंकाळी घरी परततात. होसूरच्या कारखान्यांत कामाला जाणाऱ्यांची तर ही रोजचीच वाट आहे. भाषा, लिपी, शासन सारे बदलते, पण कोणी कागद विचारत नाही. संविधानातील कलम १९ ने दिलेले संचारस्वातंत्र्य आणि कलम ३०१ मधील व्यापार व दळणवळणाचे स्वातंत्र्य यांचे हे व्यावहारिक रूप होय. मालवाहू वाहनांना मात्र करनाक्यांवर तिष्ठावे लागे. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर ते नाके हटविण्यात आले. ही मोकळीक आपोआप टिकते असेही नाही. सप्टेंबर २०१६ मध्ये कावेरीच्या पाण्यावरून हिंसाचार उसळला, तेव्हा दोन्ही बाजूंच्या बसगाड्या थांबल्या आणि प्रवाशांना सामान डोक्यावर घेऊन ही सीमा पायी ओलांडावी लागली.

देशादेशांतही अशी ये-जा शक्य आहे. सिंगापूर व मलेशियातील जोहोर बाहरू यांना जोडणारा, १९२४ मध्ये खुला झालेला सेतुमार्ग जेमतेम एक किलोमीटरचा आहे. दोन्हीकडे पारपत्र तपासले जाते, तरीही सिंगापूरमधील कुटुंबे किराणा व जेवणासाठी पलीकडे जातात. मलेशियात पेट्रोल इतके स्वस्त, की सिंगापूरच्या मोटारीची टाकी देश सोडताना किमान तीन-चतुर्थांश भरलेली असावी, असा नियमच त्या शासनास करावा लागला. महसूल बुडू नये म्हणून त्याने सीमा बंद केली नाही, टाकी भरावयास लावली. हा भेद धोरणकर्त्यांनी लक्षात घेण्याजोगा आहे.

भारताच्या उत्तर सीमेवरही हीच सोय आहे. १९५० च्या करारानुसार नेपाळशी सीमा खुली आहे. दार्जिलिंग-मिरिक येथे सहलीस गेलेले बंगळुरूचे कुटुंब छायाचित्र असलेले ओळखपत्र दाखवून पशुपतीनगरच्या बाजारात जाऊन तासाभरात परतू शकते. नेपाळी रुपयाचा विनिमय दर १९९३ पासून १०० भारतीय रुपयांस १६० असा स्थिर असल्याने हिशेबाचाही घोळ नाही. भूतानने सप्टेंबर २०२२ मध्ये भारतीयांसाठी दररात्री १,२०० रुपयांचे शाश्वत विकास शुल्क लागू केले, मात्र फुन्शोलिंगला येऊन त्याच दिवशी परतणाऱ्यांना त्यातून वगळले. कर मुक्कामावर बसला, ओलांडण्यावर नाही. जयगाव व फुन्शोलिंग या जुळ्या गावांच्या दृष्टीने हे शहाणपणाचेच झाले.

बंगळुरू परिषद आणि नंतर

या विषयाचे मूळ बंगळुरूतच सापडते, हा योगायोग उल्लेखनीय आहे. सार्क संघटनेची दुसरी शिखर परिषद नोव्हेंबर १९८६ मध्ये याच शहरात भरली. सदस्य देशांतील पर्यटनास चालना द्यावी आणि पर्यटकांना परस्परांचे चलन मर्यादित प्रमाणात बदलून मिळावे, हा विचार तेथे मांडला गेला. पुढे १९९२ मध्ये सार्क व्हिसा सवलत योजना आली. तिच्यात २४ प्रकारच्या व्यक्तींचा समावेश झाला: न्यायाधीश, संसद सदस्य, वरिष्ठ अधिकारी, उद्योजक, पत्रकार इत्यादी. सामान्य कुटुंब या यादीत कोठेही बसत नाही. मुक्त व्यापार करार २००६ मध्ये अमलात आला, तरी दक्षिण आशियाई देशांचा आपापसांतील व्यापार त्यांच्या एकूण व्यापाराच्या ५ टक्क्यांच्या आसपासच घुटमळत राहिला. माणसे ये-जा करीत नाहीत तेथे मागणीचा अंदाजही येत नाही, हे त्यामागील एक कारण मानावयास हरकत नाही.

मराठी वाचकास कॅसलरॉक आठवेल. ब्रिटिश हद्दीतील हे शेवटचे स्थानक. घाट उतरून कुळे आले की पोर्तुगीज अंमल सुरू होई. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज कराराने दोन्ही प्रदेशांत जकातीचे ऐक्य केले होते. १८९२ मध्ये तो करार संपला आणि जकातीची भिंत पुन्हा उभी राहिली. १९५५ मध्ये तर रेल्वेचा दुवाच तुटला. डिसेंबर १९६१ नंतर ही सीमा नाहीशी झाली व आज बंगळुरूचा तरुण रात्रीच्या बसने गोव्यास जातो, तो परदेशी जात नाही.

श्रीलंकेच्या बाबतीत प्रवास उलट दिशेने झाला. १९१४ पासून धनुष्कोडी-तलैमन्नार नौकासेवेमुळे रेल्वेचे एकच तिकीट काढून कोलंबोस जाता येई. डिसेंबर १९६४ च्या वादळाने धनुष्कोडी उद्ध्वस्त झाले, रामेश्वरमहून चालू राहिलेली सेवा यादवी युद्धाने १९८० च्या दशकात बंद पाडली. १४ ऑक्टोबर २०२३ रोजी नागपट्टिनम ते कांकेसंतुरै अशी सुमारे ११० किलोमीटरची नौकासेवा सुरू झाली. पावसाळी हवामानामुळे ती काही दिवसांतच थांबली आणि ऑगस्ट २०२४ मध्ये पुन्हा चालू झाली. त्याच सुमारास, २०२३ च्या अखेरीस, श्रीलंकेने भारतीय पर्यटकांना काही महिने व्हिसा शुल्क माफ केले होते. शुल्क माफ झाले तरी अर्ज कायम होता. बंगळुरूहून नागपट्टिनमला रस्त्याने सुमारे ४०० किलोमीटर आणि पुढे समुद्रात चार तास, हे गणित एका दिवसात बसत नाही. नागपट्टिनम, तंजावर किंवा कारैकलच्या कुटुंबांचे मात्र बसू शकते. सकाळी जाऊन सायंकाळी परतणाऱ्यास बंदरावरच दिवसाचा परवाना देण्याची तरतूद झाल्यास त्याचा पहिला लाभ त्यांना होईल, आणि ईशान्य मोसमी पावसाचे महिने वगळता नौकेची आसनेही भरतील.