फिकट मेटॅलिक रंगासाठी पॉलिश आणि वॅक्स
लेखमाला : मोटारीचा रंग आणि विदर्भाचे हवामान (लेखांक पाचवा)

चंदेरी, राखी, मोतिया किंवा वाळूच्या छटेचा मेटॅलिक रंग आणि काळा किंवा गडद निळा रंग यांची निगा वेगवेगळ्या तत्त्वांवर चालते, हे ध्यानात न घेताच पॉलिश आणि वॅक्स यांची बहुतेक खरेदी होते. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत, जिथे वीजकेंद्राची राख, सिमेंटची भुकटी आणि लोहखनिजाची तांबडी धूळ एकाच आठवड्यात एकाच गाडीवर बसू शकते, तिथे या दुर्लक्षाची किंमत रंगाच्या जाडीत चुकती होते आणि ती जाडी पुन्हा भरून येत नाही. गाडी धुण्याच्या पद्धतीचा विचार मागील लेखांकात झाला असल्यामुळे येथे धुतल्यानंतरच्या पायऱ्यांचाच विचार केला आहे.

मेटॅलिक रंगाची रचना समजल्याखेरीज पॉलिशची निवड समजत नाही. कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या आजच्या गाडीच्या पत्र्यावर गंजरोधक थर, त्यावर प्रायमर, त्यावर रंगाचा मूळ थर म्हणजे बेस कोट आणि सर्वांत वर क्लिअर कोट हा पारदर्शक थर असतो. या सगळ्यांची मिळून जाडी साधारण १०० ते १४० मायक्रॉन भरते (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), आणि त्यात क्लिअर कोटचा वाटा साधारण ३५ ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे माणसाच्या डोक्याच्या केसापेक्षाही कमी असतो. मेटॅलिक रंगाची चमक देणारे ॲल्युमिनियमचे अतिसूक्ष्म, चपटे कण बेस कोटमध्ये पत्र्याला समांतर निजलेले असतात. मोतिया छटेत त्यांच्या जोडीला किंवा त्यांच्या जागी अभ्रकाचे कण असतात. समोरून पाहताना हे कण आरशासारखे प्रकाश परतवतात आणि तिरपे पाहताना तोच पत्रा काळसर दिसतो. कोनाप्रमाणे बदलणारा हा उजेड-अंधाराचा खेळ हेच मेटॅलिक रंगाचे सौंदर्य होय. यातून एक निष्कर्ष अटळपणे निघतो: पॉलिश धातूच्या कणांपर्यंत कधीच पोहोचत नाही, पोहोचता कामाही नये. ते फक्त वरच्या काचेसारख्या थरावर काम करते, त्यामुळे ‘मेटॅलिक रंग उजळवणारे’ म्हणून विकले जाणारे कोणतेही पॉलिश प्रत्यक्षात पारदर्शक थराचेच पॉलिश असते.

गडद रंगावर बारीक ओरखडे उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारखे उठून दिसतात, तर फिकट मेटॅलिक रंगावर खालचे कणच इतका प्रकाश परतवतात की तेच ओरखडे डोळ्यांना जवळजवळ जाणवत नाहीत. म्हणूनच चंदेरी गाडी निस्तेज दिसू लागते तेव्हा त्यामागे ओरखड्यांपेक्षा क्लिअर कोटवर चिकटून बसलेला मळ बहुधा अधिक असतो. तो प्रकाश विखुरतो, समोरच्या आणि तिरप्या दृष्टीतला फरक पुसून टाकतो आणि गाडीला पिवळट राखाडी कळा आणतो. गॅरेजमध्ये मात्र गाडी निस्तेज झाल्याची तक्रार ऐकताच पहिला हात जातो तो रबिंग कंपाउंडकडे. या लेखांकाचे म्हणणे नेमके याच सवयीच्या विरोधात आहे, कारण फिकट मेटॅलिक रंगाला घासून काढण्याची गरज क्वचित आणि विरघळवून स्वच्छ करण्याची गरज वारंवार पडते.

कंपाउंड आणि पॉलिश ही दोन्ही अपघर्षके आहेत, म्हणजे त्यांत ॲल्युमिनियम ऑक्साइडसारख्या कठीण पदार्थाची बारीक पूड असते आणि ती पृष्ठभाग खरवडून सपाट करते. दोहोंत फरक आहे तो पुडीच्या जाडीचा. मशिनने केलेल्या जोरदार कंपाउंडिंगच्या एका फेरीत क्लिअर कोटचे काही मायक्रॉन उडतात, तर बारीक पॉलिशने सहसा मायक्रॉनचा काही अंश जातो. सूर्याच्या अतिनील किरणांना अडवणारी रसायने याच थरात मिसळलेली असल्यामुळे तो जितका पातळ होईल तितके ऊन खालच्या रंगापर्यंत पोहोचते. ज्या गावात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जाणे नित्याचे आहे, त्या चंद्रपुरात किंवा ब्रह्मपुरीत बॉनेटवरचा आणि टपावरचा क्लिअर कोट पापुद्र्यांनी सुटू लागलेल्या गाड्या दिसतात; दरवर्षी ‘रबिंग-पॉलिश’ करून घेणे हे त्यामागचे एकमेव कारण नसले तरी टाळता येण्याजोगे कारण निश्चितच आहे. दाराच्या आणि बॉनेटच्या कडांवर थर मुळातच पातळ असल्याने तिथे बफिंग मशिन टेकवू नये, हा नियम कारागिराला गाडीच्या मालकानेच आधी सांगितलेला बरा.

पॉलिश लागणार की नुसती सफाई पुरणार, हे ठरवण्याची रीत सोपी आहे. गाडी धुऊन ओली असतानाच हातावर पातळ प्लॅस्टिकची पिशवी चढवून बोटे पत्र्यावरून हलकेच फिरवावीत. खरखर जाणवली तर कण चिकटलेले आहेत आणि त्यांना रसायनाने किंवा क्ले बारने, म्हणजे मळ ओढून घेणाऱ्या मऊ लगद्याने, भरपूर ओलावा ठेवून काढता येते. पृष्ठभाग गुळगुळीत असूनही निस्तेज असेल आणि सावलीत टॉर्चच्या झोतात ओरखड्यांची वर्तुळे दिसत असतील, तरच बारीक पॉलिशचा विचार करावा.

चिकटलेला मळ कशाचा आहे हे ओळखणे या जिल्ह्यांत विशेष महत्त्वाचे ठरते, कारण येथील धूळ एका जातीची नाही. चंद्रपूरच्या २,९२० मेगावॉट क्षमतेच्या महाऔष्णिक वीजकेंद्रात जळणाऱ्या भारतीय कोळशात राखेचे प्रमाण साधारण ३० ते ४५ टक्के असते. तिच्यातून उडणारी राख बहुतांशी सिलिका आणि ॲल्युमिना यांच्या काचेसारख्या सूक्ष्म गोळ्यांची बनलेली असते आणि सौम्य आम्लात ती विरघळत नाही. तिला पाण्याच्या वाहत्या धारेनेच घालवावे लागते. सकाळी गाडी काढताना कोरडे फडके मारण्याची सवय याच ठिकाणी घातक ठरते, कारण क्लिअर कोटपेक्षा कितीतरी कठीण असलेले हे कण फडक्याखाली सापडले की ते फुकटच्या रबिंग कंपाउंडचे काम करतात.

गडचांदूर, उपरवाही, आवारपूर आणि घुग्घूस या सिमेंट कारखान्यांच्या पट्ट्यातली भुकटी याहून निराळी वागते. चुनखडीची नुसती धूळ पाण्याने निघून जाते. तयार सिमेंटचे कण मात्र हिवाळ्यातल्या दवात भिजले की त्यांतून कॅल्शियम हायड्रॉक्साइड तयार होते. ते तीव्र अल्कली आहे, म्हणजे त्याचा सामू १२ च्या वर असतो (सामू ही आम्लता-अल्कता मोजण्याची पट्टी असून तिच्यावर शुद्ध पाणी ७ वर येते), आणि पुढे हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी संयोग होऊन त्याचा खडूसारखा कडक थर पत्र्यावर जमतो. चंदेरी रंगावर हा पांढुरका थर सहज दिसत नाही, गाडी फक्त ‘जुनी’ दिसू लागते. पॉलिशने तो काढायला गेल्यास थर आणि क्लिअर कोट दोन्ही खरवडले जातात. याउलट सैल धूळ पाण्याने वाहून घालवल्यावर व्हिनेगरमध्ये तेवढेच पाणी मिसळून त्यात भिजवलेले फडके काही मिनिटे त्या जागी ठेवले आणि नंतर भरपूर पाण्याने धुतले, तर तो विरघळतो. हा प्रयोग आधी दाराच्या खालच्या कोपऱ्यात करून पाहावा आणि पत्रा तापलेला असताना करू नये. बोअरवेलच्या जड पाण्याचे थेंब उन्हात वाळून उमटलेल्या ताज्या पांढऱ्या डागांवरही हाच उपाय चालतो.

लोहाच्या बाबतीत एक गैरसमज दूर करायला हवा. एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागडच्या खाणीतून आलापल्ली-आष्टी मार्गे येणाऱ्या ट्रकांमागून जी तांबडी धूळ गाडीवर बसते ती हेमॅटाइटची, म्हणजे आधीच ऑक्साइड झालेल्या लोखंडाची असते. ती आणखी गंजत नाही आणि ‘आयर्न रिमूव्हर’ म्हणून मिळणाऱ्या, लावताच जांभळ्या पडणाऱ्या रसायनाला ती फारशी दादही देत नाही. ते रसायन थायोग्लायकोलिक आम्लाच्या क्षाराचे असते आणि ते ब्रेकमधून, रेल्वेच्या रुळांवरून किंवा ग्राइंडिंगमधून उडालेल्या धातुरूप लोखंडाच्या कणांवर चालते. असे कण क्लिअर कोटमध्ये रुतून गंजतात आणि फिकट रंगावर नारिंगी ठिपक्यांच्या रूपाने उठून दिसतात. बल्लारशाच्या रेल्वे यार्डाजवळ किंवा फॅब्रिकेशनच्या शेडलगत उभ्या राहणाऱ्या गाडीसाठी आयर्न रिमूव्हर विकत घेणे योग्य आहे. केवळ एटापल्लीच्या धुळीसाठी त्यावर पैसे खर्च करणे व्यर्थ आहे.

जंगलाचा मळ वेगळाच. मार्च-एप्रिलमध्ये मोहाखाली रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीवर पहाटे गळणारी फुले साखरेने भरलेली असतात, ती उन्हाने पत्र्यावर चिकटतात आणि कोमट पाण्याने भिजवल्यास निघतात. धावड्याचा डिंक पाण्यात विरघळतो, पण सालईच्या डिंकात राळ असल्यामुळे त्याला आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा लागतो. पक्ष्यांची विष्ठा मात्र त्याच दिवशी काढली पाहिजे, कारण तापलेला क्लिअर कोट तिच्याखाली मऊ होतो आणि थंड होताना तिचा ठसा कायमचा धरून ठेवतो.

सफाई झाल्यावर वॅक्स निवडायचे. पॉलिश काढून घेते, वॅक्स काहीतरी वर ठेवते, एवढा भेद स्पष्ट असला म्हणजे दुकानातला निम्मा गोंधळ मिटतो. नैसर्गिक मेणांत मोटारीसाठी सर्वांत नावाजलेले मेण ब्राझीलमधल्या कार्नाउबा या ताडाच्या जातीच्या झाडाच्या पानांवरचे असून ते ८२ ते ८६ अंश सेल्सिअसला वितळते. आपल्याकडच्या जंगलात आग्या मोहोळातून मिळणारे मधमाशीचे मेण ६२ ते ६४ अंशांनाच वितळते. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीचा पत्रा ६० अंशांच्या पुढे सहज जातो (फिकट रंगाचा पत्रा गडद रंगापेक्षा कमी तापतो, हा चंदेरी गाडीचा येथील खरा फायदा आहे). त्यामुळे मधमाशीच्या मेणाचे किंवा पॅराफिनचे प्रमाण जास्त असलेले स्वस्त वॅक्स दुपारी मऊ पडते आणि राखेला धरून ठेवते. लाकडी फर्निचरचे मेण गाडीला लावू नये, त्यामागचे कारणही हेच. गाडी डिझेलने किंवा रॉकेलने पुसून ‘चमक’ आणण्याची पद्धत तर सर्वस्वी चुकीची आहे. तिने वॅक्स विरघळून जाते, वर तेलकट पडदा राहतो आणि संध्याकाळपर्यंत त्यावर धुळीचा लेप बसतो.

कार्नाउबाची ख्याती गडद रंगाला खोली आणि ओलसर झाक देण्यासाठी आहे. चंदेरी रंगाला खोलीपेक्षा स्वच्छ, धारदार चकाकी लागते, कारण वरचा थर जितका निर्मळ तितके खालचे कण स्पष्ट चमकतात. हे काम कृत्रिम बहुवारिकांचे, म्हणजे पॉलिमरचे, सीलंट अधिक चांगले करते; ते कडक, कोरडे आणि पूर्ण पारदर्शक असते, उष्णतेत मऊ पडत नाही आणि कार्नाउबा महिना-दोन महिने टिकत असताना ते साधारण चार ते सहा महिने टिकते. ओरखडे तेलाने भरून झाकणाऱ्या ग्लेझचा फिकट रंगावर उपयोग नाही, कारण जे ओरखडे दिसतच नाहीत ते झाकण्यासाठी धूळ ओढणारे तेल वर चढवण्यात अर्थ नाही. एकच बाटली घ्यायची असेल तर सौम्य क्लीनर आणि पॉलिमर एकत्र असलेले ‘क्लीनर वॅक्स’ घ्यावे, कारण चंदेरी गाडीचा मुख्य शत्रू जो पिवळट पडदा, तो ते उचलते आणि त्याच वेळी संरक्षणही देते. मात्र त्यात बारीक अपघर्षक असू शकते, त्यामुळे ते वर्षातून दोनदा पुरे.

‘टेफ्लॉन कोटिंग’ या नावाने वॉशिंग सेंटरवर विकल्या जाणाऱ्या लेपाबद्दल सावध राहावे. टेफ्लॉन म्हणून ओळखले जाणारे पीटीएफई हे बहुवारिक सुमारे ३२७ अंशांना वितळते आणि तव्यावर ते बसवण्यासाठी त्याहून जास्त तापमान द्यावे लागते. मोटारीचा रंग कारखान्यात साधारण १४० अंशांना भाजलेला असतो, तेव्हा फडक्याने चोळलेले टेफ्लॉन त्यावर तव्यासारखे पक्के बसणे शक्य नाही. अशा लेपात जे टिकते ते त्यातले मेण किंवा सिलिकॉन. सिलिकॉन डायऑक्साइडवर आधारलेले सिरॅमिक कोटिंग खरोखर टिकाऊ असते, पण ते चढवण्याआधी मशिन पॉलिश करण्याची प्रथा असल्याने, किती मायक्रॉन जाणार आहेत हे जाडी मोजणाऱ्या यंत्रावर आधी दाखवण्याचा आग्रह मालकाने धरावा. शिवाय तीव्र अल्कलीपुढे सिलिकाचा थर कमकुवत ठरतो, त्यामुळे कोरपना-राजुरा भागात सिरॅमिक कोटिंग केलेल्या गाडीवरूनही सिमेंट वेळेवर धुवावेच लागते.

वेळापत्रकही येथील ऋतूंनीच ठरवून दिले आहे. पावसाळ्यातला गडचिरोलीचा चिखल आणि मुरूम निघून गेल्यावर, दिवाळीच्या सुमारास संपूर्ण सफाई आणि क्लीनर वॅक्स करावे. होळीच्या आधी, पत्रा अजून सकाळी थंड असताना, पॉलिमर सीलंटचा थर द्यावा. एप्रिल-मेमध्ये उघड्यावर बफिंग करू नये, कारण तापलेल्या पत्र्यावर पॉलिश वाळते आणि पूड कोरडीच फिरत राहते. मधल्या काळात कपडे धुण्याची पावडर गाडीला वापरू नये, तिच्यातल्या क्षारांनी वॅक्सचा मायक्रॉनपेक्षाही पातळ थर लवकर निघून जातो; सामू ७ च्या जवळ असलेला कार शाम्पू घ्यावा.

नव्याने रंगवलेल्या भागाचा नियम निराळा आहे. डेंटिंग-पेंटिंगच्या दुकानात मारलेल्या क्लिअर कोटमधून द्रावक आठवडे-आठवडे बाहेर पडत असते, त्यामुळे त्यावर ६० ते ९० दिवस वॅक्स किंवा सीलंट चढवू नये, फक्त पाण्याने धुवावे. मेटॅलिक रंग पुन्हा हुबेहूब जुळवणे तर अवघडच असते, कारण ॲल्युमिनियमचे कण कसे निजतील हे फवाऱ्याचा दाब, पत्र्यापासूनचे अंतर आणि हवेतला दमटपणा यांवर अवलंबून असते. रंगाचा क्रमांक तंतोतंत तोच असूनही नवे दार समोरून जुळते आणि बाजूने काळे किंवा पांढुरके दिसते, ते याचमुळे. आणि म्हणूनच कारखान्यातून आलेला क्लिअर कोट वाचवण्यासाठी वर सांगितलेला खटाटोप चंदेरी गाडीच्या बाबतीत साध्या पांढऱ्या गाडीपेक्षा अधिक सार्थ आहे.