नंबर, माप आणि धातू

१ जूनला पश्चिम किनाऱ्यावरची यांत्रिक मासेमारी बंद होते ती ३१ जुलैपर्यंत. मिरकरवाडा, हर्णै, देवगड इथल्या बोटी शाकारून ठेवलेल्या असतात, खलाशी गावी गेलेले असतात, आणि इंजिनाच्या मेस्त्रीला मात्र जेवायला फुरसत नसते. हंगामभर ‘पावसाळ्यात बघू’ म्हणून ढकललेली सगळी कामं त्याच्यापुढे येऊन पडतात. त्यात इंजिन खोलणं हा सोपा भाग. खरा कस लागतो तो झिजलेल्या पार्टच्या जागी नेमका कोणता पार्ट आणायचा हे ठरवताना. रस्त्यात ट्रक बंद पडला तर ड्रायव्हर खाली उतरतो. किनारा दिसेनासा झाल्यावर इंजिन बंद पडलं तर तांडेलाला उतरायला जागा नसते.

सुरुवात इंजिनावरच्या पट्टीपासून होते. मॉडेल, इंजिन नंबर, हॉर्सपॉवर, आरपीएम हे सगळं तिच्यावर असतं. पण खाऱ्या हवेनं ती खाल्लेली असते, नाहीतर रंगाच्या थरांखाली गेलेली असते. नंबर बहुधा ब्लॉकवरही ठोकलेला असतो. तिथे वायरब्रश मारून खडू घासला की आकडे उमटतात. जुन्या लेलँड इंजिनांच्या तर नावातच माप आहे. ३७०, ४००, ६८० म्हणजे त्या इंजिनाची साधारण तितक्या घनइंचांची क्षमता. ३७० म्हणजे सुमारे सहा लिटरचं इंजिन.

पट्टी मात्र इंजिनाचा जन्म सांगते, पुढचं आयुष्य सांगत नाही. इंजिन एका बोटीतून निघून दुसरीत बसतं, मालक बदलतात, हेड दुसऱ्या इंजिनाचं येतं, गिअरबॉक्स तिसऱ्याच कंपनीचा असतो. क्रँकशाफ्टचं उदाहरण घ्या. तो एकदा घासला की बेअरिंगही कमी मापाचं लागतं, म्हणून मेस्त्री आधी विचारतो, ‘स्टँडर्ड की टेन?’ टेन म्हणजे एका इंचाचे हजार भाग केले तर त्यातले दहा, मिलिमीटरमध्ये पाव. जुन्या बेअरिंगच्या पाठीवर ०१० किंवा ०.२५ असा छाप असतो. तो न बघता पट्टीवरच्या मॉडेलनुसार स्टँडर्ड बेअरिंग आणलं तर ते ढिलं बसतं, ऑइलचं प्रेशर पडतं आणि क्रँक पुन्हा खराब होतो. म्हणून काढलेला पार्ट नवा हातात येईपर्यंत भंगारात टाकायचा नाही, हा या धंद्यातला पहिला नियम.

सुट्या पार्टवरचे आकडे वाचता आले की अर्धं काम होतं. बेअरिंगवर ६२०५ लिहिलेलं असेल तर शेवटच्या ०५ला पाचाने गुणायचं: आतलं भोक २५ मिलिमीटर. बाहेरचा व्यास ५२, जाडी १५. ६३०५चं भोकही २५चंच, पण बाहेरचा व्यास ६२, जाडी १७. ‘पंचवीसचं बेअरिंग द्या’ एवढंच सांगून म्हणूनच भागत नाही. ऑइल सीलवर ३५-५२-७ असे तीन आकडे असतात: शाफ्ट, बाहेरचा व्यास, जाडी. इंजेक्टरच्या नोझलवर डीएलएलए १५० असं दिसलं तर १५० हा डिझेलच्या फवाऱ्याचा कोन. दुसऱ्या कोनाचं नोझल त्याच जागी बसतं, इंजिन सुरूही होतं. पण फवारा पिस्टनवर चुकीच्या जागी पडतो, धूर वाढतो आणि शेवटी पिस्टन जळतो.

छोट्या होड्यांच्या यामाहा आउटबोर्डवर हीच शिस्त पार्ट नंबरात आहे. ६ई५-४४३५२-०१ या नंबरातली पहिली तीन अक्षरं तो पार्ट मुळात कोणत्या मॉडेलसाठी बनला ते सांगतात, मधले पाच आकडे पार्ट कोणता ते सांगतात, शेवटचे आकडे सुधारित आवृत्तीचे. ४४३५२ म्हणजे पाण्याच्या पंपाचा इम्पेलर, मॉडेल कोणतंही असो.

इम्पेलर म्हणजे रबरी पात्यांचं एक छोटं चाक. समुद्राचं पाणी खेचून इंजिन थंड ठेवण्याचं काम त्याच्याकडे. पंप कोरडा चालला तर काही मिनिटांत पाती फाटतात. नवा घेताना व्यास, रुंदी, पात्यांची संख्या, शाफ्टचं भोक आणि आतली पकड, म्हणजे चावी, पिन की स्प्लाइन, हे सगळं जुळावं लागतं. जुना इम्पेलर काढल्यावर पाती मोजायचीच. एखादं कमी असेल तर तो तुकडा पुढे हीट एक्स्चेंजरच्या नळ्यांत अडकलेला असतो, आणि तो शोधल्याशिवाय नवा इम्पेलर बसवण्यात अर्थ नाही.

बोल्टच्या आट्यांच्या बाबतीतही अशीच फसगत होते. अर्ध्या इंचाच्या जुन्या ब्रिटिश बोल्टला इंचाला १२ आटे, अमेरिकन पद्धतीच्या बोल्टला १३. चुकीचा बोल्ट हातानं थोडा चढतो, मग अडतो. तिथे पान्याचा जोर लावला की ब्लॉकमधले आटे जातात. पिच गेज लावायला अर्धं मिनिट लागतं. गेलेले आटे दुरुस्त करायला दिवस जातो.

मुंबईत असे पार्ट नागदेवीच्या गल्ल्यांत मिळतात, दारूखान्यात मोडीत निघालेल्या जहाजांचे सापडतात, आणि ट्रकच्या दुकानातही मिळतात. बोटींतली बरीच इंजिनं मुळात ट्रकचीच. पिस्टन, रिंगा, व्हॉल्व्ह बहुतेक तेच. तरीही दुकानात शिरण्याआधी एक प्रश्न विचारायलाच हवा: हा पार्ट खाऱ्या पाण्याला लागतो का? लागत नसेल तर नंबर आणि माप जुळलं की पुरे. लागत असेल तर धातूही जुळला पाहिजे. गनमेटलच्या नळीच्या जागी मापाला तंतोतंत बसणारी लोखंडी नळी लावली तर शेजारचा तांब्या-पितळेचा पार्ट शाबूत राहतो आणि लोखंड झपाट्यानं गंजतं. हा गंज आपल्यावर घेण्यासाठीच जस्ताचा तुकडा बसवलेला असतो. तो झिजतो म्हणजे काम करतो. त्याला रंग फासला की तो निकामी.

हे सगळं ज्ञान आज बहुतेक बंदरांत मेस्त्रींच्या डोक्यात आहे. मेस्त्री थकला, गाव सोडून गेला, की बोटीचा इतिहासही त्याच्याबरोबर जातो आणि पुढचा माणूस पुन्हा पट्टी घासण्यापासून सुरुवात करतो. यावर उपाय अगदी स्वस्त आहे. प्रत्येक बोटीची एक वही असावी. इंजिन नंबर, गिअरबॉक्सचं गुणोत्तर, पंख्याचा व्यास आणि पिच, क्रँक कितीवर घासलाय, कोणता सील, कोणतं बेअरिंग, कधी बदललं, हे त्यात लिहावं. पट्टीचा आणि प्रत्येक छापाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवावा. बोट विकली जाते तेव्हा घेणारा तळ ठोकून बघतो, कागदपत्रं तपासतो. त्यानं ही वहीही मागावी, आणि ती मिळाली तर चार पैसे जास्त द्यावेत. पुढच्या पावसाळ्यात पहिल्याच आठवड्यात ते वसूल होतील.