विश्लेषण : राज्यकर्त्याने क्रूर असावे, असे मॅकियाव्हेली खरेच म्हणाला होता?

मित्रपक्ष फोडला, दिलेला शब्द फिरवला किंवा सहकाऱ्याला ऐनवेळी बाजूला सारले, की ‘मॅकियाव्हेलियन खेळी’ हे विशेषण ठरलेलेच. निकोलो मॅकियाव्हेलीच्या मृत्यूला पाच शतके होत आली, तरी निर्दय राजकारण म्हटले की त्याचेच नाव पुढे येते. प्रत्यक्षात त्याने काय लिहिले?

मॅकियाव्हेली कोण होता?

जन्म १४६९ मधला, इटलीतील फ्लोरेन्सचा. १४९८ पासून तो तेथील प्रजासत्ताकाच्या सेवेत होता. १५१२ मध्ये मेदिची घराणे सत्तेवर परतले आणि त्याची नोकरी गेली. पुढच्याच वर्षी कटाच्या संशयावरून त्याला तुरुंगात टाकून छळण्यात आले. सुटकेनंतर शहराबाहेरच्या शेतघरात राहून त्याने ‘द प्रिन्स’ लिहिले. मेदिचींनी पुन्हा कामावर घ्यावे, ही आशा त्यामागे होती. ती फळली नाही. पुस्तक छापले गेले १५३२ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर पाच वर्षांनी. १५५९ मध्ये चर्चने ते निषिद्ध ठरवले.

चेझेनाच्या चौकात काय घडले?

१५०२ च्या अखेरीस मॅकियाव्हेली फ्लोरेन्सचा दूत म्हणून चेझारे बोर्जाकडे होता. पोप सहावा अलेक्झांडर याच्या या मुलाने रोमान्या प्रांत जिंकला होता. तिथली बेबंदशाही मोडण्यासाठी त्याने रेमिरो दे ओर्को या कठोर अधिकाऱ्याला पूर्ण अधिकार दिले. रेमिरोने जरब बसवली, पण लोकांचा रोषही ओढवून घेतला. २६ डिसेंबरच्या सकाळी चेझेना शहराच्या चौकात रेमिरोच्याच देहाचे दोन तुकडे पडलेले दिसले. शेजारी रक्ताळलेला सुरा होता. काम करवून घेतले अधिकाऱ्याकडून, दोष त्याच्या माथी आणि न्याय केल्याचे श्रेय बोर्जाला! लोक समाधानीही झाले आणि हबकलेही, असे मॅकियाव्हेली नोंदवतो.

मग क्रौर्याला मर्यादा नाही?

आहे, आणि तीच सहसा सांगितली जात नाही. प्रेम आणि भीती यांतून एकच निवडायचे तर भीती अधिक सुरक्षित, हा त्याचा सल्ला सर्वांना ठाऊक असतो. पण धाक असावा, द्वेष नसावा, ही अट त्याच प्रकरणात आहे. त्यासाठी राजाने प्रजेच्या मालमत्तेला हात लावू नये. घरातल्या मृत्यूचे दुःख काळाबरोबर निवते, गेलेल्या वतनाची सल मात्र राहते, असा त्याचा तर्क. कठोर पावले अटळ असतील तर ती एकदाच, झटपट उचलावीत आणि थांबावे. दिवसेंदिवस वाढणारे क्रौर्य राजालाच बुडवते. साध्य योग्य असेल तर कोणतेही साधन चालते, हे त्याच्या नावावरचे प्रसिद्ध वाक्य त्या शब्दांत पुस्तकात कुठेही नाही.

त्याचा आदर्श टिकला का?

नाही. १५०३ मध्ये पोप वारला, त्याच वेळी बोर्जाही आजारी होता. त्याने पाठिंबा दिलेला नवा पोप, दुसरा ज्युलियस, हा त्याच्या घराण्याचा जुना वैरी निघाला. पाहता पाहता राज्य गेले. १५०७ मध्ये, वयाच्या ३१ व्या वर्षी, नवारा राज्यातील एका चकमकीत तो मारला गेला.

कौटिल्याशी तुलना का होते?

‘अर्थशास्त्रा’तही हेर, भेदनीती आणि दंड यांचा रोखठोक विचार आहे. जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबर याने १९१९ मधील व्याख्यानात तर कौटिल्यापुढे ‘द प्रिन्स’ निरुपद्रवी ठरवले.

आज त्याचे काय?

मॅकियाव्हेलीने ‘डिस्कोर्सेस’ हा ग्रंथही लिहिला. रोमन प्रजासत्ताकाचे बळ त्याला कायद्यांत, तसेच सामान्यजन आणि उमराव यांच्यातील संघर्षात दिसले. एका माणसाच्या कर्तबगारीवर उभे राज्य त्याच्याबरोबर कोसळते, संस्था मात्र टिकतात, हा त्याचा धडा खेळींच्या कौतुकात विसरला जातो. लोकशाहीत सुरा आणि ठोकळा नाही, पण चेझेनाची युक्ती आहे. अप्रिय निर्णय राबवणाऱ्या अधिकाऱ्याची अचानक उचलबांगडी होते आणि नेता स्वच्छ राहतो. अशा वेळी कोण गेले, एवढेच पाहून समाधान मानायचे की आदेश कुणाचा होता हेही विचारायचे, हे नागरिकांच्या हाती आहे. चेझेनाच्या लोकांना ते विचारण्याची सोय नव्हती.