ग्रसिकेच्या मेलॅनोमावरील शस्त्रक्रिया
ग्रसिकेच्या (अन्ननलिकेच्या) श्लेष्मकलेतील कृष्णरंजक कोशिकांपासून मेलॅनोमा हे मारक अर्बुद क्वचित उद्‌भवते. ग्रसिकेच्या सर्व कर्करोगांत त्याचे प्रमाण सु. ०·१ ते ०·२ टक्के असते. गिळण्यास त्रास होणे हे प्रमुख लक्षण होय. मूळ अर्बुद त्वचेवर वा अन्यत्र नाही, याची प्रथम खात्री करतात. रोग दूरवर पसरलेला नसल्यास ग्रसिकेचा बहुतेक भाग लगतच्या लसीका ग्रंथींसह काढून टाकतात आणि जठराची नलिका करून ती वरच्या उरलेल्या भागास जोडतात. त्यामुळे रुग्णास पुन्हा तोंडाने अन्न घेता येते. तथापि रक्त व लसीका यांवाटे हा रोग लवकर पसरत असल्याने संपूर्ण उच्छेदनानंतरही तो पुष्कळदा उलटतो. म्हणून अलीकडे शस्त्रक्रियेस प्रतिरक्षा-चिकित्सेची जोड दिली जाऊ लागली आहे.